चिश्त शहरातला कोनाडा

राजिवडा, रत्नागिरी
४ जानेवारी १९५६

अयूब,

आपाचा सलाम आणि बाबांच्या दुवा. दुवा त्यांनी दोनदा लिहायला सांगितल्या होत्या, मी एकदाच लिहिते, एअर लेटरला जागा कमी असते. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल काही नाही.

बाबांचे डोळे पार गेले. उजव्याला दिवाळीपासून काहीच दिसत नाही, डाव्याला दिवा पेटलाय एवढं कळतं. परवा कोंबड्यांना म्हणून घेतलेले तांदूळ त्यांनी मी वाळत घातलेल्या बोंबलांवर टाकले, आणि मलाच विचारतात, कोंबड्या आज गप्प का? मला हसू आलं आणि मग रडूही आलं. सिव्हिलच्या डॉक्टरांनी तपासलंय. मोतीबिंदू आहे, काढला तर दिसेल, पण आणखी थांबलात तर काढूनही उपयोग नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. ८ एप्रिलला इथे डोळ्यांचं शिबिर आहे, मिरजेहून मोठे डॉक्टर येणार आहेत. नाव घालू का विचारलं, तर बाबा म्हणाले, "नाय."

का, तर तो नवस! चिश्त शहराच्या पीराचा नवस फिटल्याशिवाय डोळ्याला हत्यार लावून घेणार नाहीत. ती गोष्ट तू लहानपणापासून ऐकतोयस. एकतीस साली त्यांची आगबोट बर्कनहेडच्या गोदीत दुरुस्तीला लागली होती, एका दिवसाची सुट्टी मिळाली आणि हे एकटेच आगगाडीत बसून चिश्त नावाच्या शहरात गेले. तिथे पीराची मजार. माझ्या पाठीवरचे दोन्ही भाऊ सहा महिन्यांचेही न होता गेले होते. तिसरा जगला तर त्याला इथे सलामाला पाठवीन, असं बाबा बोलले. तो तिसरा तू.

आणि त्याच बर्कनहेडात तू आज सव्वा वर्ष राहतोयस. पहिल्या पत्रापासून बाबा विचारतायत, पोरगा चिश्तला जाऊन आला काय? आणि तू प्रत्येक वेळी लिहितोस, सवड मिळाली की जाईन. अयूब, आता सवड काढ. तुझे मेव्हणे गुलाम रसूल मुंबईहून दर महिन्याला लिहितात, खोली मिळालीय, तू कधी येतेस. मी काय उत्तर देऊ? आंधळ्या बापाला कुणाच्या अंगणात ठेवून जाऊ? मी दमलेय रे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

तुझी आपा,
नसीमा


बर्कनहेड
१६ जानेवारी १९५६

नसीमा आपा,

सलाम. बाबांना सलाम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तसंच ठेवलं. रागावू नकोस. सकाळी सहाला अंधारात गोदीत जायचं, इंजिनांच्या पोटात शिरून दिवसभर ग्रीस खरवडायचं, संध्याकाळी कॉलेजात बसायचं. वर्गात मास्तर वाफेचं गणित सांगतात आणि मी पापण्या बोटांनी वर धरून बसतो. रविवारी मिळतो तो एक दिवस, त्यात कपडे धुतो आणि पडून राहतो. पायांच्या बोटांना थंडीने सूज आलीय, बूट चढत नाहीत. तक्रार करत नाही. सवड म्हणजे काय ते फक्त तुला कळावं, म्हणून लिहिलं.

आणि जायचं कुठे? मी नकाशा पाहिलाय. विलायतेत चिश्त नावाचं शहर नाही. चिश्ती पीर असतील तर ते अजमेरला, इथे या पावसात कशाला येतील? बाबांना कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल, किंवा पंचवीस वर्षांत त्यांच्या मनात दोन-तीन बंदरं एकात एक मिसळली असतील. तू त्यांना नीट विचार. गोदीतून निघाल्यावर ते कुठे वळले, गाडी किती वेळ चालली, शहरात काय काय पाहिलं. मी शोधतो. डॉक्टरांकडे नाव मात्र तू आत्ताच घालून ठेव, त्यांना न विचारता.

तुझा,
अयूब


राजिवडा
२७ जानेवारी १९५६

अयूब,

नाव मी घालून आले. बाबांना माहीत नाही. माहीत झालं तर घरात कुणाचं काय होईल ते तू ओळखतोस.

त्यांना विचारलं, तर काय खूष झाले! दुपारभर सांगत होते, चहा गार झाला तरी सांगत होते. ते सांगतात तसंच लिहिते, म्हणजे नंतर मला बोल लावायला नको.

"गोदीतना भायेर पडलव की ठेसन. गाडीत बसलो, दोन विड्या वढून झाल्या, तिसरी पेटवतंय तर लोक उतराय लागले. गावाला सगळ्या बाजूनी गडाची भिंत, आणि भिंतीच्या वरना माणसा चालतत. एका दरवाज्यावर घड्याळ. बाजारात दुकानावर दुकान, वरच्या दुकानासमोर पडवी, पाऊस पडला तरी टोपी भिजत नाय. आणि पीराची जागा, ती सगळी जांभ्याची. लाल जांभो. आपल्या घराच्या चिऱ्यासारखो."

जांभ्यावर मी हसलेच. तुला आठवतं ना, बंदरावर सगळे याच गोष्टीवरून त्यांची थट्टा करायचे. विलायतेत जांभा कुठून आला, सुलेमान सारंग, तुम्ही मिऱ्याच्या डोंगराला वळसा घालून परत आलात! बाबा रागावून घरी यायचे आणि आई त्यांना ताक द्यायची. आई गेल्यापासून त्यांनी ती गोष्ट बंदरावर कुणाला सांगितलेली नाही.

पायांच्या बोटांना खोबरेल लाव. मिळत नसेल तर पत्रात तसं लिही, म्हणजे मला वाईट वाटेल पण कळेल तरी.

आपा


बर्कनहेड
१३ फेब्रुवारी १९५६

आपा,

काल जाऊन आलो.

आधी नावाचं सांगतो. बाबांचं वर्णन घरमालकीणबाईंना वाचून दाखवलं. भिंत, घड्याळ, दुकानांवर दुकानं. त्या इस्त्री थांबवून म्हणाल्या, अरे, हे तर चेस्टर! चेस्टर, आपा. चिश्त. खलाशांपैकी कुणीतरी चेस्टर म्हणाला, आणि बाबांनी ऐकलं चिश्त. मी जिन्यात उभा राहून एकटाच हसलो. इथे आल्यापासून इतका हसलो नव्हतो.

गाडीत थंडी इतकी की काचेच्या आतून बर्फ. स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्यासोबत कुणी नव्हतं आणि रस्त्यावरही कुणी नव्हतं, रविवारी इकडे गावंच्या गावं दार लावून बसतात. पण भिंत आहे. बाबा खरं सांगत होते. मी तिच्यावर चढलो आणि पूर्ण फेरी मारली, दीड तास लागला. घड्याळाचा दरवाजा आहे. पडवीची दुकानं आहेत, सगळी बंद. आणि आपा, दगड लाल आहे. मी हातमोजा काढून हात लावून पाहिला. आपला जांभा नव्हे, वाळूचा दगड आहे, पण रंग तोच आणि पावसाने खाल्लेला तसाच. बंदरावर जे जे हसले त्यांना घरोघर जाऊन सांग.

भिंतीवर बसून डबा खाल्ला, पाव आणि उकडलेलं अंडं. खाता खाता मनात आलं, बाबा इथूनच चालले असतील. पस्तीस-छत्तीस वर्षांचा माणूस, अंगात बोटीवरचा पातळ कोट, इंग्रजीचे चार शब्द, आणि घरी दोन पोरं मेलेली. मला शिकायला इथे पाठवलं, स्कॉलरशिप आहे, पत्रं येतात, तरी मला हा देश सोसत नाही. त्यांनी कुणाला विचारलं असेल रस्ता? मला एकदम फार वाईट वाटलं. अंडं तसंच ठेवलं.

आता पुढचं. हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

लाल दगडाची ती जागा म्हणजे ख्रिश्चनांचं चर्च आहे. खूप मोठं आणि जुनं. आत प्रार्थना चालू होती, मी मागे खांबापाशी उभा राहिलो. संपल्यावर काळ्या झग्यातला एक म्हातारा आला, काय हवंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, इथे कुणा संताची कबर आहे का? त्याने मला पार टोकाला नेलं आणि लांबूनच दाखवलं. माणसाच्या दुप्पट उंचीचं कोरीव दगडी मखर, खाली कोनाडे कोनाडे. ही एका बाईची जागा आहे, आपा. वेर्बर्ग नावाची जोगीण होती, बाराशे वर्षांपूर्वीची. म्हाताऱ्याने एक कागद दिला, त्यात लिहिलंय की तिच्या शेतात रानबदकं उतरायची. त्यातलं एक कुणीतरी शिजवून खाल्लं, तर तिने हाडं गोळा करायला लावली आणि बदक पुन्हा जिवंत करून उडवून दिलं. तेवढ्यात दुसऱ्या प्रार्थनेची घंटा झाली. म्हातारा म्हणाला, थांबा हवं तर. मी थांबलो नाही. जवळसुद्धा गेलो नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. बाबांसाठी वाटत होती की माझ्यासाठी, ते माहीत नाही.

तर पीर नाही, चिश्ती नाही, पुरुषसुद्धा नाही. आपले बाबा चर्चमध्ये एका जोगिणीला नवस बोलून आले आणि चोवीस वर्षं त्याला मजार म्हणत राहिले. आता त्यांना हे कसं सांगायचं? तू तुझ्या मनाने लिहिलेलं वाच. फुलांची चादर घातली, ऊद लावला, सलाम केला, नवस फिटला. त्यांचे डोळे वाचले की झालं. तुझ्या इतकं चांगलं खोटं मला बोलता येत नाही.

अयूब


राजिवडा
२५ फेब्रुवारी १९५६

अयूब,

माझं खोटं किती चांगलं असतं ते आता ऐक.

तुझ्या नावावर मी अर्धं पान रचलं. हिरवी चादर, मोगऱ्याचा हार, ऊद, चांदीचा दरवाजा, बाहेर फकीर बसलेले. भिंत, घड्याळ आणि लाल दगड तुझ्या पत्रातलंच घेतलं, ते तर खरंच होतं. वाचताना माझं मलाच खरं वाटायला लागलं. बाबा पडवीत तोंड वर करून ऐकत होते. जांभ्याचं आलं तेव्हा हातातली काठी जमिनीवर आपटून म्हणाले, "बगा!" कुणाला म्हणाले देव जाणे, अंगणात कोंबड्याच होत्या.

मग विचारलं, "कोनाड्यात हात घातलान काय?"

मी म्हटलं, घातला. तुझ्या पत्रात कोनाडे होते, म्हटलं घातलाच असेल.

"आत काय होता?"

आता आत काय असणार? मी म्हटलं, गुलाबाची फुलं.

बाबा उठले, भिंत चाचपत मागच्या दारी गेले आणि माडाखाली बसून राहिले. जेवले नाहीत. मगरिबची नमाज झाल्यावर मला हाक मारली, "नसीमा, तू खोटा वाचलंस." रागावून म्हणाले असते तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझं खरं पत्र काढलं आणि सगळं वाचलं. 'बाबांना वाचून दाखवू नकोस' हेसुद्धा वाचलं. चर्च वाचलं, जोगीण वाचलं, तुझी लाज वाचली. वाचताना मानच वर केली नाही. आणि वर केली तर बाबा हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खोकला लागेपर्यंत हसत होते.

"तीस वर्सां आगबोटीवर काढलीत मी. मशीद खयची आणि गिरजा खयचा ता मना वळखता येत नाय? घंटा वाजत व्हती, बायका टोप्या घालून बसल्या व्हत्या! पोरगा शिकला खरा, पण बापाला येडा समजतो."

मग चिश्त कशाला म्हणालात, विचारलं.

"तुझ्या आईला काय सांगू? कनीज, मी गिरजात जाऊन नवस बोललंय? तिना मना घरात घेतलान नसता! गावाचा नाव तसाच व्हता, चिश्तर. म्हटला, अल्लाना नावच तसा दिलान."

मग सगळं सांगितलं. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली, पण हा भाग मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते त्या दिवशी पीर शोधायला गेलेच नव्हते. धाकट्याच्या जाण्याची तार दोन वर्षांपूर्वी बोटीवरच पोचली होती, बोटीवर रडायला जागा नसते आणि घरी आईसमोर रडता आलं नाही, म्हणून त्या दिवशी गाडीत बसले आणि लोक उतरले तिथे उतरले. गिरजात थंडी कमी असेल म्हणून शिरले. तिथे एक म्हातारी झाडत होती. तिने यांना रडताना पाहिलं, हाताला धरून त्या मखरापाशी नेलं आणि खुणांनी समजावलं. आधी तोंडात घास, मग बोटांनी हाडं मोडून दाखवली, मग दोन्ही हात पसरून पंख हलवले. बाबांनी मला तसे हात हलवून दाखवले. त्यांना बदकाचं काही कळलं नव्हतं. एवढंच कळलं, की मेलेलं परत देणारी कुणीतरी इथे आहे. म्हातारीने त्यांचा हात कोनाड्यात घातला, आणि बाबा नवस बोलले.

तर आता त्यांचं म्हणणं असं. चादर नको, ऊद नको. तू पुन्हा जायचंस, मखराच्या समोर उभं राहून उजव्या हाताचा दुसरा कोनाडा, त्यात कोपरापर्यंत हात घालायचास, आणि आत काय आहे ते लिहायचंस. जे असेल ते. मग ते डॉक्टरकडे जायचं की नाही ते ठरवतील. आत काय असायला हवं, ते मला सांगत नाहीत. मी पाया पडले, भांडले, एक दिवस मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. नाहीच सांगत.

शिबिराची यादी १ एप्रिलला बंद होते. सही त्यांचीच लागते, माझी चालत नाही.

तुला दोष देत नाही असं लिहिणार होते. पण देते. इतक्या लांब गेलास आणि दहा पावलं पुढे गेला नाहीस.

नसीमा


बर्कनहेड
१८ मार्च १९५६

आपा,

उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात परीक्षेचा निकाल लागला, वाफेच्या पेपरात नापास झालो. ऑगस्टमध्ये पुन्हा बसता येईल. त्यानंतर तापाने पडलो. हे बाबांना वाचलंस तरी चालेल, आता काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय.

काल शनिवारी गोदीत रजा मागितली. फोरमनने कारण विचारलं, मी म्हटलं, वडिलांचं काम आहे. तो म्हणाला, वडील तर हिंदुस्थानात आहेत ना? मी म्हटलं, काम इथे आहे.

यावेळी भिंत पाहिली नाही, घड्याळ पाहिलं नाही, सरळ चर्चमध्ये गेलो. प्रार्थना नव्हती. एक बाई फुलदाण्या धूत होती, साठीची असेल. तिला विचारलं, त्या कोनाड्यात हात घातला तर चालेल का? मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, ते त्यासाठीच आहेत. पूर्वी लोक गुडघे टेकून डोकंसुद्धा आत घालायचे.

मी गुडघे टेकले. उजव्या हाताचा दुसरा. कोट काढला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला.

आत काही नव्हतं.

मी नीट चाचपलं, आपा. तळ चाचपला, मागची भिंत चाचपली, चारी कोपऱ्यांत बोटं फिरवली. डावा-उजवा चुकला असेल म्हणून शेजारचे दोन्ही कोनाडे पाहिले. सगळे रिकामे. दगड गार आणि कडेला गुळगुळीत, आपल्या विहिरीच्या काठावर दोर घासून झालाय तसा. तुझी गुलाबाची फुलं आठवली. बाबांना काय हवं होतं ते माहीत असतं, तर मी कदाचित तेच लिहिलं असतं. बाहेर पडताना मनात येतही होतं, काहीतरी लिहून टाकावं, एक नाणं, एक चिठ्ठी, काहीतरी. पण त्यांना कळेल. त्यांना नेहमी कळतं.

आणखी एक सांगायचंय. हात बाहेर काढल्यावर मला उठवेना. गुडघे दुखत होते, म्हणून त्या दगडाला पाठ टेकून खाली बसलो, म्हटलं दोन मिनिटं बसू. आणि झोपलो. चर्चमध्ये, जमिनीवर, भरदुपारी. जाग आली तेव्हा अंगावर माझाच कोट कुणीतरी पांघरला होता, आणि ती बाई फुलदाण्यांपाशी बसून थर्मासमधून चहा पीत होती. तिने मलाही दिला. किती वेळ झोपलो विचारलं, तर म्हणाली, सव्वा तास, आणि तुझी कुणाला अडचण नव्हती.

तर नवस फिटला की नाही, मला माहीत नाही. बाबांना सांग, अयूब गेला होता, हात घातला, आत काही नव्हतं. ते ऐकून त्यांनी सही केली नाही, तर तो दोष माझाच.

अयूब


राजिवडा
१० एप्रिल १९५६

अयूब,

तुझं पत्र २८ मार्चला आलं. पोस्टमन गेल्यावर मी ते आधी स्वयंपाकघरात एकटीने वाचलं आणि चुलीपाशी बसून राहिले. यादी बंद व्हायला चार दिवस, आणि तू लिहितोस काही नव्हतं! एकदा वाटलं, पुन्हा फुलं घालावीत. फुलं नाही तर मोती, मोती नाही तर काय ते. पण एकदा खोटं वाचून पाहिलं होतं. म्हटलं, जे होईल ते होवो.

पडवीत जाऊन वाचलं. नापास झालास तेही वाचलं. 'आत काही नव्हतं' ही ओळ मी भीत भीत, भरभर वाचली, एखाद्याला दुखेल म्हणून सुई पटकन टोचावी तशी.

बाबा म्हणाले, "परत वाच."

वाचलं.

"नीट चाचपलान ना? कोपऱ्यात?"

म्हटलं, चारी कोपऱ्यांत, आणि शेजारचे दोन्ही. सगळे रिकामे.

तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग बाबा रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "म्हंजे उचललान," एवढंच म्हणत होते. "उचललान, नसीमा. घेतलान तिना."

अयूब, त्या कोनाड्यात बाबांनी मनगट्या ठेवल्या होत्या. आपल्या दोन भावांच्या, काळ्या मण्यांच्या, मधे एकेक पोवळं. आईने त्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मोठा गेल्यावर बाबांनी एक काढून घेतली, पुढच्या खेपेला धाकट्याची मागून घेतली, कमरेच्या पिशवीत बांधून दोन वर्षं समुद्रावर फिरवल्या, आणि त्या दिवशी गिरजात ठेवल्या. आईला सांगायची हिंमत झाली नाही. आई डबा उघडून शोधायची. आणि आता माझं ऐक. धाकट्याची मागून घेतली म्हणतात ती कुणाकडून? माझ्याकडून! मी सहा वर्षांची होते, बाबा म्हणाले, आण जरा, बघतो. मी आणून दिली आणि विसरले. पुढे आईने विचारलं तेव्हा मला काही सांगता येईना, आणि मनगट्या खेळता खेळता विहिरीत टाकल्या म्हणून मी मार खाल्ला. आई जाईपर्यंत मधूनमधून म्हणायची, माझ्या पोरांची तेवढीच खूण होती, ती या बयेने घालवली. मलाही वाटत होतं, घालवली असेन. पंचवीस वर्षं मला तसं वाटत होतं.

बाबांनी माझे हात धरून माफी मागितली. मी म्हटलं, जाऊ द्या. त्या दिवशी ते मनापासून नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी खरंच तसं वाटलं.

मी विचारलं, एवढ्यासाठी डोळे घालवायला निघाला होतात? तर म्हणाले, "पयला मागणा पोचला की नाय, ता कळल्याबिगर दुसरा खयच्या तोंडाना मागू? मना भ्या व्हता, मनगट्या अजून तिथंच पडल्या असतील. पडल्या असत्या तर तिना घेतलान नाय, आणि अयूब अजून आपला झाला नाय. तो आजारी पडला, तार आली, बोट उशिरा आली, मी दरवेळी त्या कोनाड्याचा विचार केलंय." आणि मी त्यांना गुलाबाची फुलं सांगितली होती! म्हणजे कुणीतरी वरून फुलं वाहतंय आणि खाली मनगट्या तशाच. दिवसभर ते जेवले का नाहीत, ते आता कळलं.

३१ तारखेला स्वतः काठी टेकत आले आणि सही केली. अंगठा नव्हे, सही. बोटीवर शिकलेली ती इंग्रजीतली वाकडी सही.

परवा शिबिरात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, आणखी महिन्याने आला असतात तर हात लावला नसता. आता पाठीवर सरळ निजायचं, मान हलवायची नाही, शुक्रवारी पट्टी सुटेल. रमजान परवा लागतोय, रोजे धरायचे नाहीत म्हणून डॉक्टरांशी भांडले. गुलाम रसूलना मी लिहिलंय, ईद झाली की येते. पहिल्यांदाच तारीख लिहिली.

तू नापास झालास त्यावर बाबांनी काही म्हटलं नाही. झोपलास त्यावर मात्र म्हणाले, "बरा केलान. मी पण झोपलो व्हतो तिथं. म्हातारीना उठवलान नाय." ऑगस्टच्या परीक्षेला बस, आणि त्याआधी रविवारी कपडे राहिले तर राहू देत, झोप.

पट्टी आहे म्हणून तुझं पत्र त्यांनी उशाशी ठेवून घेतलंय. दिवसातून दोनदा मला बोलावतात आणि विचारतात, ते खयसर लिवलान हाय? मी त्यांचं बोट धरते आणि 'आत काही नव्हतं' या ओळीवर ठेवते.

तुझी,
आपा